पंप घ्यायच्या आधी प्रेशर गेज घ्या : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू, गुहागरहून

वस्तू : पाण्याच्या लाइनीला लावायचं डायलवालं प्रेशर गेज, अडीच इंची, ० ते २ किलोचं. चिपळूणला हार्डवेअरच्या दुकानात घेतलं, सोबत बुश, एक टी (तीन तोंडांचा जोड), निपल आणि टेफ्लॉन टेप असं सगळं धरून पाचशेच्या आत काम झालं. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कशाचा कापला ते पुढे लिहितो.

कोकणात घराघरात एकच तक्रार, खाली पाणी धोधो येतं आणि माडीवरच्या बाथरूमला करंगळीएवढी धार. गणपतीत मुंबईची मंडळी आली की तर विचारूच नका, खाली स्वयंपाकघरात कोणी नळ उघडला की वर अंगाला साबण लावून माणूस उभा आणि शॉवरमधून नुसती फुसफुस. आणि यावर सगळीकडे एकच औषध सांगतात, पंप बसवा. आमच्याकडे येणारे प्लंबर दादा पण तेच म्हणाले, "भाऊ, अर्धा एचपीचा प्रेशर पंप टाका आणि मोकळे व्हा." कोटेशन दहा हजाराच्या वर, वर दर महिन्याचं लाइटबिल, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळ असते ते सगळ्यांना माहितीये. मी म्हटलं दादा पंप घेऊच, पण आधी मोजून तर बघू पाणी नक्की अडतंय कुठे. दादा हसले पण नाही म्हणाले नाहीत, त्यांच्याच पान्याने गेज बसवलं.

आता हे गेज काय दाखवतं ते नीट समजून घेतलं तरच पैसे वसूल होतात, म्हणून जरा लांबण लावतो.

डायलवर जे किलो लिहिलेलं असतं ते म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार. पाण्याचा दहा मीटर उंच उभा खांब मनात आणा, त्याच्या बुडाशी एक किलो प्रेशर असतं. म्हणजे एक मीटर उंचीला ०.१ किलो. बस, एवढा एक आकडा लक्षात ठेवला की घरबसल्या अर्धं काम होतं. आमच्या टाकीतल्या पाण्याची पातळी माडीवरच्या बाथरूमच्या नळापेक्षा साधारण तीन मीटर वर आहे, तर सगळे नळ बंद असताना तिथे गेज लावलं की ०.३ दिसायला पाहिजे, आणि बरोब्बर ०.३ च दिसलं. खाली स्वयंपाकघर आणखी तीन मीटर खाली, तिथे ०.६. शॉवर मात्र नळापेक्षा सव्वा मीटर वर असतो, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम ०.१८ येतं, शॉवर नेहमी नळापेक्षा मंद का असतो त्याचं उत्तर एवढंच आहे.

काकूने विचारलं, "अरे पण पाचशेच्या जागी हजार लिटरची टाकी घेतली तर प्रेशर वाढेल ना?" नाही वाढणार काकू. पाणी किती आहे याच्याशी बंद लाइनीतल्या प्रेशरचा काही संबंध नाही, फक्त किती उंचावर आहे याच्याशी. पाचशे लिटर असो की पाच हजार, पातळी एक तर प्रेशर एक. हां, टाकी काठोकाठ भरलेली असताना आणि तळाला आलेली असताना पातळीत मीटरभर फरक पडतो, तो ०.१ किलोचा फरक आमच्यासारख्या ०.३ वाल्या घरात चांगलाच जाणवतो, म्हणून संध्याकाळपर्यंत शॉवर आणखी मंद होतो. टाकीचं स्टँड एक मीटरने उंच केलं तरी तेवढाच फायदा, आणि तो कायमचा, लाइट नसतानाही.

पण हे सगळं झालं उभ्या पाण्याचं. आमचं दुखणं उभ्या पाण्यात नव्हतंच. गेजचा काटा बंद नळावर ०.३ दाखवत होता, म्हणजे उंची व्यवस्थित होती. मग टी लावली, एका तोंडाला गेज आणि दुसऱ्या तोंडाला नळ, आणि नळ पूर्ण उघडला. काटा सरळ खाली, ०.०५ च्या पण आत! खाली स्वयंपाकघरात तोच प्रकार, ०.६ वरून पाव किलोवर. ही जी पडझड आहे ना ती खरी बातमी. पाणी थांबलेलं असताना पाइप बारीक असो, अर्धा गंजलेला असो, वॉल्व्ह पाव उघडा असो, काटा पूर्ण उंचीचंच प्रेशर दाखवतो, कारण वाहत नाही तर घासणारही नाही. पाणी चालायला लागलं की मग वाटेतली प्रत्येक गोष्ट आपापला वाटा कापून घेते. म्हणून गेज घेऊन नुसतं बंद नळावर लावून बघणाऱ्यांना काहीच कळणार नाही, "प्रेशर तर ठीक आहे" म्हणून गेज कपाटात जाईल. दोन रीडिंग घ्यायची, बंद नळावरचं आणि चालू नळावरचं. पहिलं रीडिंग उंची सांगतं, दोघांतला फरक वाट सांगतो.

त्यासोबत बादली टेस्ट पण करा. पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. आमच्या माडीवर बादली भरायला जवळजवळ चार मिनिटं लागत होती, म्हणजे मिनिटाला चार लिटर पण नाही. हे का सांगतोय तर नळ अर्धा बंद करून बघा, टीवरचा काटा वर चढतो! लोकांना वाटतं प्रेशर वाढलं म्हणजे काम झालं, पण बादली उलट आणखी हळू भरते. होजपाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी लांब उडतं, तिथेही हेच होतं, तोंड बारीक केलं की एकूण पाणी कमी वाहतं, कमी वाहतं म्हणून पाइपात घासून जाणारं प्रेशर वाचतं, आणि ते वाचलेलं सगळं बोटाजवळच्या फटीत येऊन वेग बनतं. झाडाला लांबून पाणी घालायला हे चांगलं, पण यावरून कोणी घरात "बारीक पाइप टाका, प्रेशर वाढेल" असं सांगत असेल तर अजिबात ऐकू नका. आमच्या वाडीत दोन घरांनी असं केलेलं मला माहितीये आणि दोघांच्याही माडीवर पाण्याची बोंब आहे.

बारीक पाइप किती खातो हे बघाच एकदा. अर्धा इंची सीपीव्हीसी (घरात पाण्याला वापरतात तो प्लास्टिकचा पाइप) म्हणतो आपण, पण त्याचं आतलं भोक साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असतं. पाऊण इंचीचं अठराच्या आसपास. भोक जेमतेम दीडपट मोठं. पण तेवढंच पाणी न्यायचं असेल तर घर्षणात जाणारं प्रेशर पाच-सहा पटीने कमी होतं. कारण घर्षणाचा हिशोब व्यासाच्या पाचव्या घातावर जातो, व्यास दुप्पट केला तर तोटा साधारण बत्तिसाव्या हिश्शावर. आकड्यात सांगतो, मिनिटाला दहा लिटर पाणी बारा मीटर अर्धा इंची पाइपातून न्यायचं तर नुसत्या सरळ पाइपातच जवळपास अडीच मीटर उंची, म्हणजे पाव किलो खर्ची पडतं. एल्बो (वळणावरचे जोड) वेगळे, प्रत्येक एल्बो आणखी दहा-बारा सेंटिमीटर खातो. आमची एकूण पुंजी तीन मीटर! तेच पाऊण इंचीमधून नेलं तर अर्धा मीटर पण जात नाही. मुंबईच्या बिल्डिंगीत टाकी दहा मजले वर असते, तिथे खालच्या मजल्यांना अर्धा इंची खपून जातो, आपल्याकडे टाकी डोक्यावर तीन मीटर, आपल्याला नाही परवडत.

हे सगळं ज्यांनी खरं मोजून काढलं त्यातला मोठा माणूस म्हणजे फ्रान्समधला आंरी दार्सी. दिजाँ शहरात पाण्याची मारामार होती, याने १८४० मध्ये रोझ्वार नावाच्या झऱ्याचं पाणी १२ किलोमीटरहून जास्त लांबून बांधीव झाकलेल्या पाटाने, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. पंप नाही काही नाही. आपल्या आगरात पाटाचं पाणी खेळवणाऱ्या कुठल्याही माणसाला हा आपला वाटेल. नंतर तो वेगवेगळ्या मापाचे, वेगवेगळ्या मालाचे, नवे आणि वापरून खरवडलेले असे पाइप घेऊन त्यात पाणी सोडून मोजत बसला, ते काम १८५७ ला छापून आलं. त्यात त्याने पक्कं दाखवलं की पाइपाचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरबरीत यानेही प्रेशरचा तोटा बदलतो. त्याआधी बऱ्याच लोकांची समजूत होती की त्याने फरक पडत नाही. जर्मनीतल्या वाइसबाखने १८४५ मध्ये या घर्षणाच्या तोट्याचं सूत्र मांडलेलं होतं, दोघांच्या नावाने ते आजही इंजिनिअरिंगला शिकवतात. आपल्या जुन्या घरातले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप कधी कापून बघितलेत का? बाहेरून एक इंच आणि आत गंजाचे फोड येऊन राहिलेली वाट पेन्सिल जाईल एवढी. खारा वारा बाहेरून खातो आणि आपल्या लालसर लोहाच्या पाण्याचा गाळ आतून बसतो. असा पाइप दुहेरी मारतो, व्यासही घटला आणि खरबरीतपणाही आला.

आता आमच्या घरातला चोर कसा सापडला ते. टाकीच्या खाली, वॉल्व्हच्या आधी, गाळ काढायला एक टी आणि एंड कॅप आहे. वॉल्व्हच्या पुढे सोलरसाठी म्हणून सोडलेली आणखी एक टी आहे. पहिल्या जागी गेज लावलं, पाण्याची पातळी मीटरभर वर म्हणून ०.१. खालून पुतण्याला ओरडून नळ उघडायला सांगितला, काटा हललाच नाही. मस्त. मग गेज काढून दुसऱ्या जागी लावलं, बंद असताना तेच ०.१, आणि नळ उघडल्याबरोबर काटा शून्याच्या खिळीवर टेकला. दोन्ही जागांमध्ये अंतर हातभर पण नाही, मध्ये फक्त एक पितळी चक्रीवाला वॉल्व्ह. चक्री पूर्ण उघडी फिरत होती, डावीकडे उजवीकडे छान फिरत होती. दादांनी वॉल्व्ह उतरवला, आतली स्पिंडल (चक्रीचा दांडा) पाणी अडवणाऱ्या पाचरीपासून सुटलेली, आणि पाचर तीन चतुर्थांश खाली बसलेली, वर हिरवा थर. किती वर्षं सगळं घर त्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून पाणी पीत होतं देव जाणे. दादा दोन मिनिटं तो वॉल्व्ह हातात फिरवून बघत राहिले, मग म्हणाले, "याच्यावर पंप लावला असता ना भाऊ, तर पंप आणि हा, दोघं भांडत बसले असते."

आणि ती फुसफुस? तिचाही उलगडा तिथेच झाला. एवढी अडचण असताना खालचा नळ जास्त खालच्या पातळीवर, त्यामुळे तो सगळं पाणी ओढून नेतो, आणि वरच्या फाट्यापाशी पाइपातलं प्रेशर बाहेरच्या हवेच्याही खाली जातं. मग उघड्या शॉवरमधून पाणी यायच्या ऐवजी हवा आत जाते. हे कोणाच्या घरी होत असेल तर समजून जा की दोन्ही मजल्यांची सामायिक जी लाइन आहे तिथेच कुठेतरी गळा आवळलेला आहे, शॉवर बदलून काही होणार नाही.

वॉल्व्हच्या जागी एक इंची फुल बोअरवाला बॉल वॉल्व्ह टाकला (हे मुद्दाम मागून घ्या, स्वस्तातल्यांचं आतलं भोक पाइपापेक्षा लहान असतं), आणि टाकीपासून माडीपर्यंतची अर्धा इंची काढून पाऊण इंची केली. बाथरूममध्ये चालू नळावर आता काटा ०.२ च्या आसपास राहतो आणि बादली दीड मिनिटाच्या आत भरते. पंप घेतलाच नाही. दादांचा पंपाचा धंदा गेला पण लाइनीची मजुरी मिळाली, आणि आता ते दुसऱ्यांकडे जाताना कधी कधी माझं गेज मागून नेतात, मला त्याचा आनंदच आहे.

अजून एक प्रकार, जो आमच्याकडे मे महिन्यात हमखास होतो. विहिरीचं पाणी खाली गेलं, टाकी रिकामी झाली, मग टँकर आला, टाकी भरली, तरी एखाद्या नळाला पाणीच नाही. चिऱ्याच्या भिंतीत खोबण्या पाडणं जिवावर येतं म्हणून पाइप दाराच्या चौकटीवरून उंट काढून नेलेला असतो, त्या उंटाच्या पाठीत हवा अडकून बसते. आपल्याकडचं प्रेशरच इतकं कमी की ते त्या हवेला ढकलू शकत नाही. गेज इथे फार कामाला येतं, कारण एअर लॉक असेल तर बंद नळावरचं रीडिंगच उंचीच्या हिशोबापेक्षा कमी भरतं. ०.३ पाहिजे तिथे ०.१५ दिसलं आणि टाकी भरलेली आहे, तर हवा अडकलीये, पाइप तोडायला घेऊ नका. खालच्या नळाला मोटरच्या लाइनीचा होज जोडून उलटं पाणी चढवा, हवा टाकीतून निघून जाते. आणि कायमचा उपाय म्हणजे टाकीच्या आउटलेटला वॉल्व्हनंतर लगेच उभा एअर पाइप, ज्याचं तोंड टाकीच्या पाण्याच्या वर निघतं. पाचशे रुपयांत होतं हे काम आणि तरी निम्म्या घरांना तो पाइपच नसतो.

गेज असल्यामुळे जुने धडे पण परत बघितले गेले. बर्नूलीचं तत्त्व, १७३८ चं, वेग वाढला की प्रेशर घटतं, कॉलेजात घोकलेलं. घरच्या पाइपात पाणी साधारण सेकंदाला मीटर-दीड मीटर वेगाने जातं, त्या वेगापायी घटणारं प्रेशर फार तर दहा-बारा सेंटिमीटर पाण्याएवढं, या गेजवर ते दिसणारसुद्धा नाही. घरात सगळी हाणामारी घर्षणाची. पण मेव्हण्याच्या आगरात गेलात तर बर्नूली डोळ्यांनी दिसतो. त्याने सुपारी आणि नारळाला ठिबक केलंय आणि खत सोडायला व्हेंचुरी लावलीये, मध्ये गळा बारीक, तिथे पाणी जोरात पळतं, प्रेशर हवेच्या खाली जातं आणि बादलीतलं विरघळलेलं खत आपोआप नळीतून ओढलं जातं. मीही माझं गेज तिकडे नेलं होतं. फिल्टरच्या आधी आणि फिल्टरच्या नंतर रीडिंग घ्यायचं, दोघांतला फरक वाढत गेला की फिल्टर चोक होतोय, धुवायचा. आगराला उतार असेल तर वरच्या ओळीपेक्षा खालच्या ओळीला उंचीतल्या दर दहा मीटर फरकाला एक किलो जास्त मिळतं, म्हणून खालच्या माडांच्या मुळाशी चिखल आणि वरचे तहानलेले. तिथे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (प्रेशर कमी-जास्त असलं तरी सारखंच पाणी सोडणारे) लावल्याशिवाय इलाज नाही.

हाच उताराचा हिशोब सगळ्या वाडीच्या नळाला लागतो, आणि याबद्दल मला खरंच तळमळीने सांगायचंय. आपली गावं डोंगराच्या उतारावर, पंचायतीची टाकी वर, खालच्या वाडीत आणि वरच्या वाडीत सहज वीस मीटरचा फरक, म्हणजे दोन किलोचा. जल जीवन मिशनने २०१९ पासून घराघरात नळ द्यायचं ठरवलं, माणशी रोज ५५ लिटरचं माप ठेवलं, चांगलंच आहे. पण खालच्या घरांनी नळ पूर्ण उघडे टाकले की सामायिक पाइपात वेग वाढतो, वेग दुप्पट झाला की घर्षण जवळपास चौपट, आणि वरच्या घरांपर्यंत पोचायच्या आधीच प्रेशर संपतं. कोणी पाणी चोरत नसतं, तरी वरच्यांना मिळत नाही, आणि मग ग्रामसभेत भांडणं. खालच्या फाट्यांवर वॉल्व्ह थोडे आवळून ठेवले की वरच्यांना पाणी चढतं, हे दोन ठिकाणी गेज लावून अर्ध्या तासात सगळ्यांसमोर दाखवता येतं, काट्यासमोर वाद घालायला फारसं कोणी येत नाही. आणि नळाच्या लाइनीला थेट मोटर लावणं तर कृपया बंद करा. शेजारच्या घरात मोटर चालू झाली की आपल्या नळावरचा काटा शून्याच्या खिळीवर जाऊन बसतो, आणि तेव्हा लाइनीतल्या प्रत्येक गळक्या जॉइंटमधून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. पावसाळ्यात कावीळ, जुलाब येतात, त्यातले काही याच वाटेने येतात.

एक गंमत मुलांना जरूर दाखवा. जाळी नसलेला साधा नळ अगदी हळू उघडा, धार काचेच्या कांडीसारखी स्वच्छ, हलतेय की नाही कळत नाही, आणि खाली जाता जाता ती बारीक होत जाते, कारण पडताना वेग वाढतो आणि पाणी तर तेवढंच आहे. मग नळ हळूहळू वाढवा, एका टप्प्याला धार एकदम पांढुरकी, खडबडीत होते. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून हाच बदल तपासला होता, संथ पाण्यात रेघ सरळ राहते, वेग वाढला की ती एका जागी विस्कटून सगळ्या नळीत पसरते. आपल्या घरच्या पाइपात पाणी जवळजवळ नेहमी त्या विस्कटलेल्या अवस्थेतच असतं, म्हणून तर वेगाबरोबर घर्षण एवढं वाढतं. आमच्या पुतण्याने ती धार बघून तासभर नळ सोडला नाही, बादली खाली ठेवायला लावली तेवढं फक्त.

आता घेणाऱ्यांसाठी. गेज चार किंवा सात किलोचं मिळतं सगळीकडे, दुकानदार तेच काढून देतो, पण टाकीच्या पाण्याला ते घेऊ नका, ०.३ ला काटा जेमतेम हलतो, आकडा नीट वाचता येत नाही. ० ते २ वालं मागा, मिळत नसेल तर मागवायला सांगा. बॉडी स्टेनलेस स्टीलची घ्या, रंगवलेली लोखंडी घेतलीत तर आपल्या हवेत एका पावसाळ्यात काचेच्या कडेने गंज उतरतो. गेजची चुडी (आटे) साधारण पाव इंची असते, नळाची अर्धा इंची, म्हणून बुश लागतोच, तो पितळीच घ्या. टेफ्लॉन टेप चुडीच्या दिशेने गुंडाळा, गेज आवळताना डायल धरून पिळू नका, खालच्या चौकोनी भागाला पाना लावा.

अर्धा स्टार कापला तो याच्यासाठी की हे गेज झटका सहन करत नाही आणि बॉक्सवर तसं कुठेही लिहिलेलं नसतं. हल्लीचे पाव फेऱ्याचे नळ टपकन बंद केले की चालत्या पाण्याला थांबायला वेळ मिळत नाही आणि पाइपात प्रेशरची लाट धावते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात काम करताना निकोलाय झुकोव्स्कीने १८९८ मध्ये याचा हिशोब मांडला, लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी एकदम अडवलं तर बारा-तेरा किलोपर्यंतचा झटका बसतो. प्लास्टिकचा पाइप थोडा फुगून देतो म्हणून तिथे कमी, तरी चार-पाच किलो सहज. दोन किलोच्या काट्याचं काय होईल विचार करा. म्हणून गेज लावलेलं असताना नळ सावकाश बंद करायचा, वॉशिंग मशीनच्या लाइनीवर गेज कायमचं ठेवायचं नाही, आणि पंपाच्या डिलिव्हरीला किंवा पंचायतीच्या थेट लाइनीला लावायचं असेल तर वेगळं सात किलोचं ग्लिसरीन भरलेलं गेज घ्या, त्याचा काटा थरथरत नाही आणि गेजच्या आधी एक छोटा कॉक टाकला की रीडिंग घेण्यापुरतं उघडून परत बंद ठेवता येतं.